डोंगराची सलामी

शिमग्याला कासारवण्याचा डोंगर गप्प बसला, आणि तिथून शलाका साळवीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

कोकणात ज्याने शिमगा पाहिलाय त्याला हे समजावून सांगायला नको. देवीची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर येते, ढोल घुमायला लागतात आणि अख्खा गाव पालखी खांद्यावर घेऊन नाचतो. मुंबईची, पुण्याची, झाडून सगळी माणसं त्या दिवशी गावात असतात. जमीन अशी दणदणते की नाचत नसलेल्यालाही पायाखाली कळतं. कासारवण्याच्या वरच्यावाडीत सहाणेपासून हाकेच्या अंतरावर सरकारने एक खुंटा पुरला होता, डोंगराची हालचाल ऐकणारा. पुरला त्या वर्षीच्या शिमग्याला त्याने पाठवलेली रेघ वेड्यासारखी उड्या मारत होती. यंदाच्या शिमग्याला तीच रेघ सरळसोट. गावात त्या दिवशी कुणी शिंकलंसुद्धा नसावं, अशी.

खुंटा हा लोकांचा शब्द. सरकारी नाव होतं 'धरित्री डोंगर-निगराणी प्रणाली', पण एवढं लांबलचक बोलायला कोकणी माणसाला कुठला वेळ? खुंटा म्हणजे जमिनीत खोल गेलेली एक लोखंडी नळी. जमीन थरथरली तर ती ऐकायची, केसभर कलली तर सांगायची, आणि मातीत पाणी किती दाबाने भरलंय ते मोजायची. कारण डोंगर उगाच एकाएकी कोसळत नाही. पाऊस दिवसेंदिवस मुरत राहिला की मातीच्या कणाकणात पाणी शिरतं. कण एकमेकांना धरून असतात ते पाण्याने सुटे होतात, वरचा सगळा भार पाण्यावर येतो, आणि खालच्या कातळावरची मातीची पकड सुटते. मग ती आधी थोडी सरकते, थोडी कुरकुरते, आणि काही तासांनी झाडांसकट, घरांसकट खाली येते. ते कुरकुरणं माणसाला ऐकू येत नाही, खुंट्याला येतं. खुंट्याच्या डोक्यावर एक दिवा असे, वाडीच्या विजेवर जळणारा आणि प्रणाली सांगेल तो रंग दाखवणारा. हिरवा म्हणजे झोपा खुशाल, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे भोंगा वाजणार आणि असेल तसं निघायचं. तालुक्यातल्या प्रत्येक डोंगरवाडीत असा एक खुंटा होता, आणि प्रत्येक खुंट्याचं म्हणणं ज्याला हवं त्याला फोनवर नकाशात दिसायचं.

शलाका होती स्वतंत्र पडताळणी आयोगात. सरकार जे केलं म्हणून सांगतं ते खरंच झालंय का, एवढंच बघणारं हे खातं. त्यांचे दोन नेम कडक. एक, ज्याची तपासणी करायची त्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. दुसरा, आपण फक्त सांगायचं, करायचं काही नाही. हिशेब चुकला म्हणा, पण स्वतः पुसून दुरुस्त करू नका. पहिला नेम या वेळी तिला फार जड जात होता, कारण देवघळ तालुक्याच्या निगराणी कक्षाचे प्रमुख होते विद्याधर घाग, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचे, संज्योतताईचे यजमान. तिने आयोगाला तसं लिहून कळवलं होतं, दुसरं कुणी पाठवा म्हणून. माणसं नाहीत, तूच जा, असं उत्तर आलं. मग ताईचं घर बाजारपेठेत असूनही शलाका स्टँडसमोरच्या लॉजवर उतरली, आणि ताई फोनवर फुरंगटून बसली.

"शिमग्याची कंपनं कुठे गेली?" असं शलाकाने अर्धसमासावर विचारलं. अर्धसमास म्हणजे तिच्या धंद्यातली जुनी रीत. कागदाच्या डाव्या अर्ध्या भागात आपली शंका लिहायची आणि उजवा अर्धा कोरा सोडायचा, समोरच्याच्या उत्तरासाठी. भावोजींच्या कक्षाकडून उजव्या बाजूला सुबक उत्तर आलं, 'उत्सवी गोंगाट संगणक आपोआप गाळतो.' पटण्यासारखंच होतं. दुसरी कुणी असती तर तिने तिथे बरोबरची खूण करून विषय मिटवला असता.

पंधरा ऑगस्ट होऊन दोन-चार दिवस झाले होते. आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती. सकाळी लॉजवर डबा उघडून जेवता जेवता ती रेघा चाळत होती, आणि तिचा घास हातातच राहिला. वरच्यावाडीची रेघ पंधरा ऑगस्टच्या सकाळी थरथरली होती. हलकीच, पण ठेक्यात. थोडी थरथर, थोडा थांबा, पुन्हा थरथर. प्रभातफेरी असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. पण वरच्यावाडीत शाळाच नव्हती. तिने शेजारच्या वाडीची रेघ काढली. तीच थरथर. पलीकडच्या डोंगराची काढली, मग खाडीकडच्या टेकाडाची. तीच, त्याच क्षणी, त्याच ठेक्यात. एकूणएक डोंगर एकाच तालात पाय आपटत होते.

तो ठेका तिने त्या सकाळी कानांनी ऐकला होता. तालुका कचेरीच्या आवारात झेंडावंदनाला पोलिसांचं संचलन झालं, तेव्हा ती तिथेच छत्री धरून उभी होती. आणि आवारातच, संगमरवरी पाटी आणि पितळी कठडा लावलेला, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झालेला नमुन्याचा खुंटा होता. पाहुण्यांना दाखवायचा.

 शिमग्याचा गोंगाट गाळणारा संगणक पोलिसांच्या बुटांचा गाळत नव्हता. तालुक्यातले डोंगर झेंड्याला सलामी देत होते, आणि स्वतःच्या देवीच्या पालखीचा त्यांना पत्ता नव्हता.

झालं काय असेल ते तिला तिथेच कळलं. प्रणालीत एक सोय होती, तिला म्हणायचे भरणी. एखादा खुंटा बंद पडला तर नकाशात भोक दिसू नये म्हणून शेजारच्या खुंट्यांचं बघून त्याची जागा भरायची. सोय वाईट नव्हती, एखाद-दुसऱ्यापुरती. पण परीक्षेत एका पोराने शेजाऱ्याचं बघून लिहिलं, त्याचं बघून तिसऱ्याने, असं करत करत सगळा वर्ग एकाच पोराच्या वहीवर पास व्हावा, तसं झालं होतं. एक खुंटा मेला, तो शेजाऱ्याचं बोलायला लागला. मग शेजारीही मेला. उरला तो एकटा जिवंत खुंटा, सपाट जांभ्यावर उभा, माळी ज्याच्याभोवती फुलझाडं लावतो तो. कचेरीचं अंगण खचत नाही, एवढीच बातमी सगळ्या डोंगरांच्या नावाने रोज मुंबईला जात होती.

हे सगळं अजून अंदाजच होतं. आणि अंदाजावर शलाका कधी काही लिहीत नसे. तिने डबा तसाच झाकला आणि जीप काढली.

वरच्यावाडीत खुंट्याची राखण अनसूया घवाळी करायची. साठीची बाई, कमरेत ताठ. सरकारने तिला आठवड्यातून एकदा दिवा पुसायला सांगितलं होतं. ती रोज पुसायची आणि वर जास्वंदीचं फूल ठेवायची.

"आधी चाय घेवा," ती म्हणाली.

"नको मावशी. आमच्यात चालत नाही."

"कुठल्या जातीत चाय चालत न्हाय?"

"ऑडिटच्या," शलाका म्हणाली, आणि एवढ्या धाकधुकीतही तिला हसू आलं. "मावशी, अंगण चोपायची धुमस आहे का तुमच्याकडे?"

होती. अनसूयामावशीने ती जड लाकडी धुमस आणली आणि शलाकाने सांगितलं तसं खुंट्याच्या बुडाशी जमीन ठोकायला लागली. धप, धप, धप. चिखल उडत होता. शलाका एका हाताने फोनवर पाऊस पडू नये म्हणून पदर धरून रेघ बघत होती. रेघ सरळ. मग ती स्वतः खुंट्याजवळ उड्या मारायला लागली. पंचेचाळिशीची, चष्मा लावलेली सरकारी बाई भर पावसात चिखलात उड्या मारतेय, हे बघून शेजारच्या पडवीत बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रेघ हलली नाही. शेवटी तिने दोन्ही हातांनी खुंटा धरून गदागदा हलवला. डोक्यावर हिरवा दिवा शांत जळत होता.

"बहिरा झालाय हा," शलाका म्हणाली. 

"तुमी घाबरल्यासारख्या का दिसता?"

"मावशी, मला पऱ्या दाखवा. आणि घरांच्या मागची बाजू."

पऱ्या म्हणजे वाडीला लागून वाहणारा ओढा. एवढ्या पावसातही डोंगरातून झिरपून येणारं त्याचं पाणी कालपरवापर्यंत नितळ होतं, असं मावशी म्हणाली. आज ते कुंकवासारखं लाल होतं. म्हणजे आत माती सुटायला लागली होती. मावशीच्या गोठ्यामागे जमिनीला भेग पडली होती, शलाकाचं पाऊल मावेल एवढी, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या घरांच्या मागून गेली होती.

"गोठ्याचा दार सकाळपासून लागत न्हाय," मावशी म्हणाली. "काल मना पन भ्याव वाटला होता. उठून बघितला तर दिवा हिरवा. म्हटला, आपल्यापेक्षा सरकारला जास्त कळतंय. आणि झोपले."

 दार लागत नाही म्हणजे चौकट हलली, चौकट हलली म्हणजे घराखालची जमीन चालायला लागली. पोराबाळांसकट साठेक माणसं त्या घरांत होती. कुणाची भाकरी तव्यावर होती, कुणी टीव्ही लावून बसलं होतं. तिने पडवीतून पडवीत जाऊन सांगितलं, निघा, आत्ता निघा. लोक ऐकून घेत होते, मान डोलवत होते आणि मग दिव्याकडे बघत होते.

"गेल्या साली तलाठ्याने असाच नुसत्या तोंडाने उठवला," मावशी समजुतीच्या सुरात म्हणाली. "काय झाला न्हाय. माघारी आलो तर म्हस मेलेली, पान्यावाचून. तेव्हाच वाडीने ठरवला, दिवा लाल झाला की उभ्या पायाने निघायचा. माणसाच्या सांगण्यावर न्हाय. माणूस काय, कसाही घाबरतो."

शलाकाने भावोजींना फोन लावला. "वरच्यावाडीचा दिवा लाल करा. आत्ताच्या आत्ता."

"मला कसा करता येईल?" विद्याधर म्हणाले. "हाताने लाल करायचा हुकूम मुंबईच्या कक्षाचा. ते आधी रीडिंग मागतात. आणि रीडिंग हिरवं आहे."

"भावोजी, जिवंत खुंटे किती आहेत?"

"सगळे हिरवे आहेत."

"हिरवे किती ते विचारलं नाही मी."

 तिने फोन ठेवला.

घाट उतरताना वळणावळणावर दुसऱ्या वाड्यांचे दिवे दिसत होते, ओल्या झाडीतून हिरवे, प्रसन्न. इतकी वर्षं असा दिवा दिसला की तिला बरं वाटायचं. आज प्रत्येक दिव्याला ती भीत होती. मागच्या आरशात तिला सारखा वरच्यावाडीचा डोंगर दिसत होता आणि तो अजून जागेवर आहे ना, हे बघण्यावाचून तिला राहवत नव्हतं.

कचेरीत विद्याधर एकटेच होते. बाकीची माणसं नदीकाठच्या गावांत बंदोबस्ताला गेली होती. समोरच्या भिंतीवर नकाशा, त्यावर हिरव्या ठिपक्यांची नुसती रास. शलाका काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मला वाटलं होतं, निम्मे तरी असतील."

"बघितलं नाहीत?"

"नाही." ते खुर्चीत बसले. एरवी घरात मोठ्या आवाजात बोलणारा, मेव्हणीची सारखी थट्टा करणारा माणूस, पण आज टेबलाकडे बघत हळू बोलत होता. "नळीच्या वायरी साळिंदरं खातात, तिच्या बॅटऱ्या पावसात जातात. दुरुस्तीवाले वर चढायला तयार नाहीत. भरणी केलेला खुंटासुद्धा चालू धरा, असं वरून आलं, आणि सज्जतेत तालुका राज्यात पहिला आला. किती मेलेत हे बघायला एक बटण दाबावं लागतं, शलाका. ते मी दाबलं नाही. मला भीती वाटायची."

"मुंबईला फोन लावा."

"लावला. तुझा फोन आल्याबरोबर लावला. म्हणाले, प्रणाली हिरवं दाखवतेय, तुम्ही अफवा पसरवू नका."

ती खिडकीशी गेली. आवारात नमुन्याचा खुंटा उभा होता, पितळी कठड्यात, भोवती झेंडूची रोपं. त्याचाही दिवा हिरवा, आणि तोच एकटा खरा हिरवा.

"सगळे ह्याचंच बघून लिहितात ना?" तिने विचारलं.

विद्याधरना तिच्या मनातलं उमगलं आणि ते ताडकन उठले. "वेडी आहेस का? नुसती वरचीवाडी नाही लाल होणार. अख्खा तालुका होईल. या पावसात म्हातारीकोतारी, बाळंतिणी, सगळे रस्त्यावर येतील."

"मला माहीत आहे."

"तू ऑडिट आहेस, शलाका. खोटा आकडा पकडायचा पगार घेतेस तू."

"मग तुम्ही करा."

 तिने कोपऱ्यातली बादली उचलली आणि बाहेर पडली. आयुष्यात तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. बसचं तिकीट हरवलं तर प्रवासभत्ता सोडून द्यायची. आता ती कठडा ओलांडून झेंडूच्या वाफ्यात उभी होती, आणि नळीचं झाकण काही निघत नव्हतं. नखं रक्ताळली. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या हातात पाना दिला. विद्याधर होते, बिनछत्रीचे, चष्म्यावरून पाणी ओघळतंय.  पाना देऊन दोन पावलं मागे सरले आणि फाटकाकडे तोंड करून उभे राहिले, कुणी येत असेल तर दिसावं म्हणून.

तिने झाकण उघडलं आणि पन्हाळीखाली भरून घेतलेली बादली नळीत ओतली. दुसरी ओतली. मग खुंट्याला खांदा लावून सगळा भार टाकला, आणि तो केसभर कलला. दिवा पिवळा झाला. तिने डोळे मिटून पुन्हा रेटा दिला. डोळे उघडले तेव्हा चिखल, झेंडू, तिचे हात, सगळं लाल दिसत होतं. कचेरीच्या छपरावरचा भोंगा वाजायला लागला. मग गावातला वाजला, मग पलीकडच्या डोंगरावरचा. एकामागून एक, पार दूरवर, पावसाच्या आत कुठेतरी भोंगे रडत राहिले.

दिवेलागणीच्या सुमारास वरच्यावाडीचा डोंगर खाली आला. गोठे, घरं, सहाण, खुंटा, सगळं त्याच्या पोटात गेलं. माणूस एकही गेलं नाही. सगळी उभ्या पायाने निघाली होती, ठरल्याप्रमाणे, आणि खालच्या कोंडावरच्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या शाळेत जाऊन बसली होती.

बाकीचे डोंगर जागच्या जागी राहिले. पण दाभवण्याच्या वाडीत एका म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून पाखाडीच्या पायऱ्यांवरून उतरवताना पाय घसरला आणि तो डोक्यावर पडला. जागीच गेला. त्याच्या घरामागचा डोंगर हललासुद्धा नव्हता. ही बातमी विद्याधरनी तिला कचेरीत सांगितली तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आणि दुसऱ्या दिवशी मुंबईहून अभिनंदन आलं. 'धरित्री'ने बिनचूक इशारा दिला होता. एका वाडीचे प्राण वाचले होते. आता ही प्रणाली, आहे तशी, राज्यातल्या सगळ्या डोंगरांवर बसवायचं ठरलं होतं. आदल्या रात्रीच नळीतलं पाणी उतरलं होतं, खुंटा माळ्याने सरळ केला होता, आणि नकाशा पुन्हा हिरवागार झाला होता.

ताईचा फोन आला. "आता तरी चहाला ये. संपली ना तुझी तपासणी?" मग आवाज खाली गेला. "हे सांगत होते सगळं. शलू, माणसं वाचली ना? मग कशाला उकरतेस? त्यांची नोकरी जाईल, तुझी जाईल, वर पोलीस येतील. त्या म्हाताऱ्याचं पाप कुणाच्या माथी बसेल, कळतंय का तुला?"

"कळतंय ताई," शलाका म्हणाली. आणि खरंच कळत होतं. रात्रभर तिला दुसरं काही कळलं नव्हतं.

पण तिला अजून एक आशा होती. स्वतःचं नाव न घेता हे सिद्ध करता येईल, अशी. जिवंत खुंटा एकच होता. तो बंद केला तर कुणाचं बघून लिहिणार? नकाशा कोरा पडेल, आणि कोरा नकाशा मुंबईलाही दिसेल. ती कचेरीच्या आवारात गेली, वाफ्यात वाकली आणि नमुन्याच्या खुंट्याची वायर खेचून काढली. दिवा विझला. तिने फोन काढून नकाशा उघडला.

सगळा तालुका हिरवा होता.

तिने थोडं थांबून पुन्हा बघितलं. वरच्यावाडीचा ठिपकासुद्धा हिरवा होता. जिथे वाडी नव्हती, खुंटा नव्हता, डोंगरही धड उरला नव्हता, तिथे सगळं ठीक होतं.

"शेवटचं मिळालेलं धरतं ते," विद्याधर तिच्या मागे येऊन म्हणाले. "नवं नाही मिळालं की जुनंच. उद्या त्याचंच बघून पुढे. आता त्याला आपली गरज नाही." ते तिच्या हातातल्या वायरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लिहायचं असेल तर लिही. पाना मी दिला, तेही लिही. संज्योतला मी समजावतो."

शलाकाने मान डोलावली. तिला रडू फुटलं, आणि ते तिने लपवलं नाही. भावोजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या लग्नात ठेवला होता तसा.

लिहिणार ती होतीच. पण कागद मुंबईला जाणार, तिथे कुणीतरी उजव्या बाजूला सावकाश उत्तर लिहिणार, आणि पाऊस काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. म्हणून ती आधी शाळेत गेली.

वर्गात बाकं सरकवून वरच्यावाडीने संसार मांडला होता. ओले कपडे दोरीवर, कोपऱ्यात भाताचं पातेलं. अनसूयामावशी तिला बघून उठली आणि तिने शलाकाचे दोन्ही हात धरले.

"तुमी घाबरवलात तेव्हा आमी हसलो," ती म्हणाली. "पन दिव्याने वाचवला. देवच तो. इथे पन आहे बघा." तिने खिडकीतून बोट दाखवलं. शाळेच्या मागे दुसरा डोंगर उभा होता, ढगांत डोकं घातलेला, आणि त्याच्या पायथ्याशी खुंटा. मावशीने त्यावर जास्वंद ठेवली होती. दिवा हिरवा. "आता भ्याव न्हाय. रात्री हा पन लालचा हिरवा झाला, मग सगळी गाढ झोपली. आता तो सांगेल तेव्हाच हलायचा, हे पोरांना पन सांगितलाय."

 परवा या बाईला निदान भीती तरी वाटली होती. तीही आता उरली नव्हती, आणि ती शलाकाने घालवली होती.

"मावशी, चहा आहे का?"

"तुमच्यात चालतो?"

"आता चालेल."

मावशीने कोरा चहा आणला. शलाकाने तो दोन्ही हातांत धरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तो लाल दिवा खोटा होता. डोंगराने लावला नव्हता, मी लावला. कचेरीतल्या खुंट्यात पाणी ओतून. बाकीचे सगळे खुंटे मेलेले आहेत, कधीचेच. हिरवा पण खोटा आहे."

  कुणीतरी हळूच पोराला जवळ ओढलं. मावशीच्या चेहऱ्यावरून विश्वास उतरत गेला आणि मागे साधी, जुनी भीती उरली. तिने खिडकीकडे बघितलं.

"मग ह्या डोंगराचा काय?"

"मला माहीत नाही, मावशी," शलाका म्हणाली. "कुणालाच माहीत नाही."

मावशीने पदर खोचला. दारात टेकवलेलं इरलं डोक्यावर घेतलं आणि शाळेमागच्या पऱ्याचं पाणी बघायला ती पावसात निघाली. शलाकाने चहा तसाच बाकावर ठेवला आणि ती तिच्या मागोमाग गेली.